कोठीतली अर्ध्या मिनिटाची शांतता

३ नोव्हेंबर

आलो एकदाचे! लासूर स्टेशनहून निघालेला टेम्पो गुलमंडीच्या गर्दीत अडकला, तेव्हा ऋतुराज ड्रायव्हरवर खेकसत होता, ड्रायव्हर हातगाडीवाल्यावर, आणि मी दोघांवर. सोनिया मात्र माझ्या मांडीवर बसून प्रत्येक दुकानाला टाटा करत होती. तीन वर्षांच्या माणसाला घर बदलणं म्हणजे जत्राच.

खालच्या मजल्यावर मालकीणबाई ताहेराआपा आणि त्यांची भाची अदीबा, वरचा मजला आमचा. ऋतुराजला वाळूजची कंपनी जवळ पडते हे खरं, पण मी हे घर पसंत केलं ते मागच्या कोठीसाठी. आपांच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, त्याचे तागे इथं ठेवत. खिडकी नाही, हातभर जाड भिंती, सागवानी दार. आत जाऊन दार लावलं की सगळी गुलमंडी गायब. गाणं रेकॉर्ड करायला याहून काय पाहिजे! एवढंच की आतली कडी फार खाली आहे, सोनीच्या हाताला लागेल अशी. ती काढून टाक म्हणून ऋतुराजला सांगितलं. रविवारी बघू म्हणाला. त्याचा रविवार कधी येतो ते मला माहीत आहे.

पुण्याच्या एका कंपनीला लहान मुलांची गाणी आणि अंगाया हव्यात, घरीच रेकॉर्ड करून. लग्नानंतर माझं गाणं हळदीकुंकवाच्या आग्रहापुरतं उरलं होतं. आता माझ्या नावावर येणार. आज कुणी वेडी म्हटलं तरी चालेल, मी खूश आहे.

४ नोव्हेंबर

आपा चहा घेऊन वर आल्या. कोठीत मी काय करणार ते ऐकून त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, गाणार असशील तर हरकत नाही. मग जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "फक्त आत गप नको बसू, बेटी. गप माणूस त्या कोठीला रिकामा वाटतो."

पूर्वी त्यांची माणसं एकटी जरी आत गेली तरी जाताना सलाम करायची आणि कापड मोठ्यानं मोजायची म्हणे. मी म्हटलं, आपा, मी आणि गप? माझ्या नवऱ्याला विचारा. त्या हसल्या नाहीत.

६ नोव्हेंबर

सम्यक आला. कॉलेजात माझ्याबरोबर संगीताला होता, आता लग्नाकार्याला साउंड भाड्यानं देतो. पारखून घे म्हणून दोन माइक ठेवून गेला. एक डायनॅमिक, स्टेजवरचा, दणकट. ओठांजवळ धरून गावं लागतं, बाकी जगाशी त्याला घेणंदेणं नाही. दुसरा कंडेन्सर, नाजूक, त्याला वेगळी वीज लागते. पण ऐकतो किती! शेजारच्या घरात कुणी पोळी लाटली तरी टिपेल म्हणे. शिवाय माइक आणि लॅपटॉपच्या मधली छोटी पेटी, इंटरफेस. एक हेडफोन घट्ट बसतो आणि कान तापतात, दुसरा सैल आणि आवाज बाहेर सांडतो. मी दिवसभर एकच ओळ दोन्ही माइकवर गात होते. सोनीला ती ओळ आता माझ्यापेक्षा चांगली येते.

सम्यकनं कामाची एक पद्धत शिकवली. गाण्याआधी अर्धं मिनिट अगदी स्तब्ध बसायचं आणि नुसती खोली रेकॉर्ड करायची. लॅपटॉपला तो शांततेचा नमुना दिला की तेवढा आवाज तो पुढच्या गाण्यातून पुसून टाकतो. पंख्याची घरघर, विजेची गुणगुण, जे जे खोलीचं ते ते सगळं साफ.

९ नोव्हेंबर

आज पाण्याचा दिवस होता, म्हणजे गल्लीभर मोटारी. रेकॉर्डिंग बंद. आईनं दिलेल्या वाकळी कोठीच्या भिंतींवर टांगल्या. तिच्या हातच्या वाकळी स्टुडिओत लागतील असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला ताप आहे का बघितलं असतं.

सोनीला नवा खेळ शिकवला. मी कोठीत गेले की तिनं बाहेर पाटावर बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. मी दार उघडेपर्यंत हूं की चूं नाही. बक्षीस म्हणून राजगिऱ्याची वडी. माझी लेक इतकी शहाणी की मी आतून "हाताची घडी" म्हटलं की बाहेर तिचं बोट तोंडावर गेलेलं असतं. ऋतुराज म्हणतो, शाळेत घालायच्या आधीच मास्तरीण झालीस.

११ नोव्हेंबर

दोन्ही माइक शेजारी शेजारी लावून प्रत्येक गाण्याआधी अर्धं अर्धं मिनिट गप बसले. आपांचं बोलणं आठवलं, पण सलाम करत गाण्याला बसले तर सम्यक गावभर सांगेल. मला इतकं स्थिर बसता येतं हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी शेवटी तर आपला श्वास चालू आहे का, हेही कळेना. छान वाटलं. घरात बाईला असं बसायला मिळतं कुठं?

कंडेन्सरवर आवाज खरंच सुंदर येतो. तोच घ्यावा.

१४ नोव्हेंबर

कंडेन्सरच्या शांततेत कुणीतरी गुणगुणतंय.

डायनॅमिकवर तेच अर्धं मिनिट लावून बघितलं, काही नाही. कंडेन्सरवर आवाज वाढवला तर स्पष्ट मुलीचा आवाज. पाठ करताना मुलं पुटपुटतात तसा, मध्येच हसू. म्हटलं, खालून अदीबा असेल. पण अदीबा बोलत नाही. मुकीच आहे जन्मापासून, असं मी धरून चालले होते. काही सांगायचं तर मोबाइलवर लिहून दाखवते. मग आपांकडे रेडिओ लागत असेल म्हणून लॅपटॉप घेऊन खाली गेले, दुपारी जरा हळू लावा म्हणून सांगायला.

आपांनी हेडफोन कानाला लावला आणि हात तसाच कानावर राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाल्या, "आमच्या अदीबाचा आवाज आहे हा."

बारावीच्या परीक्षेचा अभ्यास ती कोठीत करायची, शांत जागा म्हणून. मनातल्या मनात वाचायची. परीक्षा संपेपर्यंत तिचा आवाज गेला. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. घर विकून टाका म्हणून सगळे सांगतात, पण मुलीचा आवाज आत टाकून आपा कुठं जाणार?

अदीबा दारात उभी होती. तिनं ऐकायला मागितलं नाही. मोबाइलवर लिहिलं: तुम्ही आत किती वेळ गप बसलात?

मी खोटंच सांगितलं, थोडाच वेळ.

१५ नोव्हेंबर

ऋतुराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला की म्हाताऱ्या बाईला भाचीचं दुःख आहे, तिला कशातही तोच आवाज ऐकू येणार. पटलं. पटवून घेतलं. तरी कंडेन्सर सम्यकला परत दिला. जास्त ऐकणारा माइक मला नको. डायनॅमिकच बरा, आपल्या कामाशी काम. आता आत गेले की लगेच गाते, गप बसतच नाही. साफ करायला डायनॅमिकवरचा शांततेचा जुना नमुना आहेच साठवलेला, तोच वापरीन. काम वेळेवर द्यायचं आहे. माझ्या नावावरचं पहिलं काम आहे हे.

१८ नोव्हेंबर

काहीतरी बिघडलंय. गाणं साफ करायला दिलं की आवाज पातळ होतो. आज पहिली अंगाई अर्धीच उरली, शब्द कडेनं विरलेले. इंटरफेस बदलला, वायर बदलली, हेडफोन बदलला. सम्यक येऊन बघून गेला. म्हणाला, यंत्रं ठीक आहेत. तुझा आवाजच त्या नमुन्यात बसलाय, म्हणून लॅपटॉप त्याला खोलीचा आवाज समजून पुसतोय. नवा नमुना घे.

पण मी तर त्या अर्ध्या मिनिटात तोंड उघडलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

आईचा फोन. हॅलो, हॅलो, तनुजा, ऐकू येईना, म्हणत राहिली. मी ओरडले तरी तेच. रेंज नसेल. भाजीवालीनंही मी मागितलेली मेथी दिली नाही, दुसऱ्या बायकांना देत राहिली. ऋतुराज जेवताना चिडला, हल्ली तू पुटपुटतेस, नीट बोल म्हणाला. मी नीटच बोलत होते.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. आता हलकं वाटेल अशी आशा आहे.

२१ नोव्हेंबर

तो जुना नमुना पुन्हा लावला. डायनॅमिकवरचा असूनही त्यात आता अदीबाचं गुणगुणणं आहे, आणि त्यामागे मी. अंगाई म्हणतेय. सुंदर म्हणतेय, इतकं चांगलं मी कधी गायले नव्हते. आधी हे त्यात नव्हतं, शपथेवर सांगते.

ते पुसून टाकावं म्हणून बोट ठेवलं आणि काढून घेतलं. तोच माझा आवाज असेल तर? पुसला तर मग काय उरलं माझ्याकडे?

२२ नोव्हेंबर

आवाज गेला. पूर्ण. ओठ हलतात, श्वास जातो, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले सर्दी असेल, विश्रांती घ्या. अदीबा माझा हात धरून बसली होती.

ऋतुराज घर सोडू म्हणतो. मी कागदावर लिहिलं, आवाज इथंच टाकून? त्याला राग आला. आपांना आला नाही.

आपा मला घेऊन कोठीत गेल्या. सलाम केला, मोठमोठ्यानं दुआ म्हटली. मी पण तोंड उघडून उभी राहिले. काही परत आलं नाही.

२३ नोव्हेंबर

सोनी मला घाबरते.

अंगाईशिवाय झोपत नाही ती. मी मांडीवर घेऊन ओठ हलवले तर रडायला लागली. ऋतुराजनं गायली, तिला नको. मग कोठीच्या दाराशी जाऊन बसली आणि बसल्या बसल्या झोपली. हसत. तिला काहीतरी ऐकू येत होतं.

कोठीला बाहेरून कुलूप लावलं. कडी काढायला ऋतुराजला पुन्हा लिहून दिलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

२४ नोव्हेंबर

सोनी दाराशी गप्पा मारते. प्रश्न विचारते, थांबते, हो म्हणते. मी उचलून आणलं तर माझ्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही नाही. आतली आई."

माझ्या पोटच्या पोरीनं —

ऋतुराजला दाखवलं. आता त्यालाही पटलं. उद्या संध्याकाळी लासूरला जायचं. आवाज राहू दे. राहू दे. पोरगी पाहिजे.

२५ नोव्हेंबर

सामान बांधतेय. वाकळी काढायला कुलूप उघडलं. आत मी पटकन, पाय आपटत, भांडं वाजवत गेले. गप नाही राहिले. वाकळी घेऊन आले. कुलूप —

वाकळींनी दोन्ही हात भरलेले होते. नंतर लावू म्हटलं.

२५, दुपार

दार आतून बंद. खालची कडी. सोनी आत.

मी धडका मारल्या. अदीबा सम्यकला आणायला पळाली. आपा खाली पहार शोधतायत. ऋतुराजला मेसेज टाकला, वाळूजहून निघालाय. सागवान हलत नाही.

दाराला कान लावलाय. ऐकू येतंय. माझा आवाज. म्हणतोय, बाहेर कुणी दार वाजवतंय, तू लक्ष देऊ नकोस हं राणी. आपला खेळ. हाताची घडी —

मी शिकवलं. मीच.

सोनी, बोल. काहीही बोल. रड. चिठ्ठी लिहून फटीतून सरकवली. बोल, बोल, बोल, एवढंच लिहिलं. मग आठवलं, तिला वाचता येत नाही.

आपा जिन्यात ओरडतायत, सोनिया, आवाज दे बेटा. ती देणार नाही. आईचं ऐकते ती. दार उघडेपर्यंत हूं की चूं नाही. माझी शहाणी —

ऋतुराज, तू आलास की आधी तिला बोलतं कर. नाव विचार. ओळ म्हणायला लाव, ती एकच ओळ, तिला येते. ती बोलली नाही तरी तिला ही चिठ्ठी — नाही. चिठ्ठी नाही —

हसली. आत सोनी हसली. ऐकलं मी. म्हणजे आहे अजून. हस बाळा. हस. अजून एकदा —

आतून मी म्हणतेय, शाब्बास. आता तोंडावर —