मामाजींच्या ट्रॅक्टरचा उडालेला रंग

जुने शहर, अकोला
सोमवार

आदरणीय साडूभाऊ खुशालराव यांना धाकट्या साडवाचा घाबरत घाबरत नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? सीमाताई आणि मुलं मजेत असतील. इकडे पौर्णिमा ठीक आहे, सासूबाई (डोळे दाखवायला हिवरखेडहून आल्या आहेत) ठीक आहेत, मी सोडून सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण तुमचा फोन सीमाताई उचलतात, आणि त्यांच्या कानावर पडलेलं पाच मिनिटांत त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे मामाजींच्या, कानावर असतं. म्हणून आमच्या ऑफिसातले बशीरभाई, जे रोज अमरावतीहून ये-जा करतात, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. वाचून झालं की फाडून टाका.

मामाजींनी गुडघ्यांपायी गेल्या वर्षी ट्रॅक्टर विकला, तेव्हापासून ते रिकाम्या शेडकडे तोंड करून बसतात, हे तुम्हाला माहीतच आहे. चौतीस वर्षं त्यांनी त्याला जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसलं. त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी तर त्याच्या बाजूनं जाताना हात पाठीमागे बांधून जात असे. आता त्यांना पंच्याहत्तरावं लागतंय, तर पौर्णिमा म्हणाली, तुम्ही ती खेळण्यातली विमानं बनवता ना, तसा बाबांचा ट्रॅक्टर बनवा. (खेळणी नव्हे, प्रतिकृती, असं मी लग्नापासून सांगतोय. कोणी ऐकत नाही.)

चार महिने खपून फोटोवरून हुबेहूब ट्रॅक्टर केला, हातभर लांबीचा, लालभडक. पण तो फारच कोरा दिसे, जत्रेतून आणल्यासारखा. मग मोबाइलवर एका माणसानं मुद्दाम रंग उडवायची युक्ती दाखवली. आधी सगळ्याला गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, त्यावर हेअरस्प्रे मारायचा (पौर्णिमाचा, तिला अजून कळलेलं नाही), त्यावर लाल रंग. वाळला की ओल्या ब्रशनं घासायचं. पाण्यानं स्प्रे विरघळतो, लाल रंग तिथला तिथे निघतो आणि खालचा गंज दिसतो. शेवटी वरून वॉर्निश मारायचं, म्हणजे पुढे पाणी लागलं तरी काही होत नाही. हे शेवटचं मी करायचं ठेवलं होतं. साडूभाऊ, रंग उडवणं हे खाजेसारखं आहे, एकदा नख लागलं की हात थांबत नाही. एक टवका पायरीवर, एक चाकावरच्या चिखलपंख्यावर, असं करता करता भानावर आलो तेव्हा ट्रॅक्टर मोर्णा नदीत दहा पावसाळे बुडून निघाल्यासारखा दिसत होता. आणि मग आठवलं की हा ट्रॅक्टर कोणाचा आहे. परत रंगवू म्हणून फडक्याखाली झाकून ठेवला.

शनिवारी मी ऑफिसात असताना सासूबाईंनी ते फडकं उचललं. घरात नवं वाहन आलं आणि त्याची पूजा नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी ताट केलं, चाकांवर पाणी शिंपडलं आणि ओल्या कुंकवाच्या बोटानं बॉनेटवर स्वस्तिक काढायला गेल्या. बोटाबरोबर रंग आला. पुसायला गेल्या, तर आणखी आला. मी घरी पोचलो तेव्हा बॉनेट उघडं पडलं होतं आणि सासूबाई मनगटापर्यंत लाल हात घेऊन बसल्या होत्या. “माय वो जवाईबुवा, याची तं कातडीच निंगून राहिली! तिकडं तुमच्या मामाजीचं बरं हाय ना?” त्यांना तो अपशकुन वाटला. हिवरखेडला फोन लावून त्यांनी मामाजींना छातीत दुखतं का ते विचारलं, आणि मग कारणही सांगितलं. मामाजी म्हणाले, “कोनं खरवडला थो, म्या येऊन पायतो.” बुधवारी सकाळच्या बसनं येणार आहेत.

परत रंगवावा तर सासूबाईंनी तो देवापुढे ठेवून दिवा लावलाय, ब्रश जवळ आणू देत नाहीत. पौर्णिमा म्हणते, खरं सांगून टाका. तिला काय, ती पोटची लेक आहे. तुम्ही माझ्याहून सहा वर्षं आधीपासून त्यांना घाबरता, अनुभवी आहात. काय करू, ते कळवा.

आपला,
किशोर

ता. क. बशीरभाईंच्या घरी लग्न निघाल्यानं ते रजेवर, आणि पत्र माझ्या खिशातच. आज बुधवार. मामाजी आले. पाणीसुद्धा न पिता देवापुढचा ट्रॅक्टर उचलून मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि अर्धा तास उलटसुलट पाहिला. मी दारात चपला घालून उभा होतो. शेवटी म्हणाले, “जवाईबुवा, हे चुकलं.” मी एक पाऊल दाराबाहेर टाकलं. “पायरीचा रंग कावून काढला? थो कधी निंगालाच नाई. इथला काढा.” बोट डाव्या चिखलपंख्यावर होतं. शेतात जाताना सासूबाई तिथं काठ धरून बसायच्या. बांगड्यांनी घासून घासून तिथला रंग गेला होता. दर दसऱ्याला मामाजी सगळा ट्रॅक्टर रंगवत, तेवढी वीतभर जागा सोडून. त्यांनी ब्रश माझ्या हातून घेतला, पाण्यात बुडवला आणि स्वतः घासलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “मले वाटे, तुमाले दिसलंच नाई.” मामाजींनी मान वर केली नाही. “दिसे,” एवढंच म्हणाले. मी गल्लीत जाऊन रडलो. हे सीमाताईंना सांगितलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. शुक्रवार. बशीरभाई आज कामावर आले, पत्र निघतंय, आणि मूळ काम सांगायचं राहिलंच. मामाजींनी मुक्काम वाढवलाय. बॉनेट माझ्याकडून तीनदा करून घेतलं. काल उरलेला तपकिरी रंग घेऊन माझ्या स्कूटरवर गंज रंगवला, इतका खरा की शेजारी हळहळून गेले. त्यांचा हात बसलाय आणि घरात रंगवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी रविवारी येऊन दोघांना आठ-पंधरा दिवस अमरावतीला न्या, एवढी कळकळीची विनंती. तुमच्या नव्या कारचा रंग कोणता, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. तेव्हा या जरूर, पण एसटीनं या.