गुरुवारचा केक आणि माझं कोचपण

१४ ऑगस्ट
आणि वर केकसुद्धा मीच आणायचा! क्लबचा नियम म्हणे: जिच्या हातून वेंधळेपणा झाला, तिने गुरुवारच्या सरावाला सगळ्यांना केक द्यायचा. स्वतः फुटबॉल खेळत होते तेव्हा मान्य होतं. चौदा वर्षं डिफेन्सला उभी होते, माझ्या अंगावर यायची कोणाची टाप नव्हती. पण आता मी कोच आहे! मॅच नोरे लिनला होती, मी पोरींना सोंडर लिनला नेलं. गावांची नावं सारखी ठेवणारे शहाणे, आणि वेंधळी मी? गोलकीपर सिला दात काढत म्हणते, "गुड्रून, मैदान मात्र मस्त रिकामं शोधलंस!"
ठरलं. केक एकदाच.

२१ ऑगस्ट
ब्रुन्सविगर केला, यीस्टने फुगवलेला मऊ केक, वर तपकिरी साखर आणि लोणी वितळवून. मोठा ट्रे. सोळा जणी आल्या! एरवी नऊ. माझी नवी पद्धत मानवली पोरींना. अध्यक्ष टॉर्किलला म्हटलं, बघ. तोंड भरलेलं, हात पुढच्या तुकड्याकडे.

२४ ऑगस्ट
०-६. पण पहिली अकरा मिनिटं बरोबरी! मग मी ताज्या दमाची एक आत पाठवली, बाहेर कोणाला काढायचं तेवढं राहिलं. पंच इतकं मोजत बसतो का?
परत केक माझ्यावर.

२८ ऑगस्ट
तेवीस!! दोघी शेजारच्या क्लबातून आल्या. आता देशाच्या टीमचं बोलावणं कधीही येईल. फोन चार्ज करून ठेवला. नवरा प्रेबेन म्हणाला, "अगं, त्या ट्रेला चिकटल्यात, तुला नाही." ह्याला फुटबॉलमधलं काय कळतंय!

४ सप्टेंबर
रविवारी मॅच नव्हती. म्हणजे चूक नाही, केक नाही. नुसता खेळ!
सात जणी. फ्लूची साथ असणार. सिला माझ्या गाडीची डिकी उघडून बघून आली.

७ सप्टेंबर
टॉर्किल आला. दोन कप कॉफी ढोसली, मग तोंड उघडलं. कमिटीचं म्हणणं, सराव आता सिला घेईल. "पण गुरुवारी तू येच, गुड्रून. ट्रे घेऊन. पोरी त्यावरच टिकल्यात."
मी सातवीत शाळा सोडली, पण चिठ्ठी लिहिता येते. त्याच्या दारावरच्या पत्रपेटीत टाकून आले. लिहिलं ते असं:
टॉर्किल, मी कोच आहे की नाही, ते बुधवारी दुपारपर्यंत कळव. उशीर चालणार नाही. दुकान पाचला बंद होतं, आणि तेवीस जणींना पुरेल इतकं यीस्ट घरात नाही.