दोघी एकाच बाजूला

बाई, आज सलग तिसऱ्या दिवशी मी एका पोरीशी खोटं बोलले. 'अगं, क्लबचा शिक्का सापडत नाहीये, उद्या बघू,' असं म्हणाले आणि शिक्का माझ्या पर्समध्ये होता. पोर एरंडोलची. रोज शाळा सुटली की एसटीने जळगावला येते, मेहरूणच्या मैदानावर दोन तास बास्केटबॉल खेळते आणि सातच्या गाडीने परत जाते. तुम्ही आम्हाला शिकवायचात तसं ऑफिस सुटल्यावर मी तिथे पोरींना शिकवते. हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेल्यानंतर सुरू केलं. तर या पोरीला धुळ्याच्या एका क्लबने बोलावलंय. तिच्या तोडीची एक तिथे आधीच आहे. दोघी एकत्र आल्या की राज्याचा कप आपलाच, असं तिथले सर तिला सांगून गेले. त्यासाठी माझं ना-हरकत पत्र हवं, सहीशिक्क्यासकट, आणि ते परवापर्यंत. एरंडोलच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, तिने फक्त दुसऱ्या गाडीत बसायचंय. पण ती गेली की माझ्याकडे खेळण्याजोग्या चारच उरतात, आणि पाचवी मी आणू कुठून?

मी तिला समजावून पाहिलं. म्हटलं, चांगल्या चांगल्या सगळ्या एकाच संघात गेल्या तर खेळायचं कोणाशी? तिने मोबाइलच काढला. 'मॅडम, अमेरिकेत बघा ना, एवढे मोठमोठे खेळाडू ठरवून एका टीममध्ये जातात. एकट्याने दहा वर्षं घासून कप मिळाला नाही, तर गेले दुसऱ्याकडे. त्यात काय चुकलं?' मी म्हटलं, लोक नावं ठेवतात त्यांना. तर म्हणते, 'ठेवू द्या. कप त्यांच्याकडे असतो ना.' तुम्ही असता तर तिचा कान तरी धरला असता. काल तिचे वडील आले होते, नरडाण्याला कारखान्यात पाळी करतात, डोळ्यांवर झोप तशीच होती. हात जोडून म्हणाले, 'मॅडम, पोरनं भलं व्हई, जाऊ द्या तिले.' मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

तेव्हापासून तुमचं धुळ्याचं मैदान डोळ्यांपुढून हलत नाही. पाचवारी साडी वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आम्ही दहाजणी भिडू पाडतोय. सारख्या ताकदीच्या दोघींनी जोडी करायची, बाजूला जाऊन नावं ठरवायची आणि कॅप्टनपुढे यायचं, 'चंद्र हवा की सूर्य?' कॅप्टन सूर्य म्हणाली की एक इकडे, दुसरी तिकडे. माझी जोडी कायम त्या डावखुरीशी, म्हणजे आम्ही दोघी कायम समोरासमोर. एक दिवस आम्ही लबाडी केली. दोघींनी दोन कच्च्या पोरींशी जोड्या लावल्या, कॅप्टनला आधीच कानात नावं सांगून ठेवली आणि एकाच बाजूला आलो. मग काय, समोरच्यांना आम्ही बॉलला हात लावू दिला नाही. तुम्ही शिट्टी वाजवली नाहीत. खेळ संपल्यावर विचारलंत, 'दोन्ही वाघिनी एकच बाजूले? मंग ह्या बाकीन्या पोरी काय करतीन?' त्यांना घरी पाठवलंत आणि आम्हा दोघींना एकमेकींविरुद्ध खेळायला लावलंत. शिक्षा होती ती! पण बाई, तसा खेळ मी पुन्हा कधी खेळले नाही. तिने टाकला की मी टाकायचा, मी टाकला की तिने. बॉल दिसेनासा झाला तेव्हा तुम्ही आम्हाला घरी नेलंत. मी तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसलेय, तुम्ही कळण्याची भाकरी थापताय, डावखुरी ठेच्याने हाय हाय करतेय आणि तरी अजून मागतेय. 'मजा उनी का?' तुम्ही विचारता. आम्ही दोघी तोंड भरलेलं असताना माना डोलावतो.

आणि पुढच्याच वर्षी मला जळगावहून बोलावणं आलं. तिथे दोन नावाजलेल्या पोरी होत्या, मी तिसरी. तुमच्यासमोर ना-हरकत पत्र ठेवलं तर तुम्ही म्हणालात, 'शाई वाळनी व माय, सकाय ये.' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी दुकानातून शिक्क्याच्या जांभळ्या शाईची बाटलीच घेऊन आले. तुम्ही बाटलीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. 'पोर हुशार शे मनी,' म्हणालात आणि शिक्का मारलात. वर कपाटातून हवा भरायचा पंप काढून हातात दिलात. 'तठे बी बॉलमा हवा लागस.' माझ्या आनंदाला तर पारावार नव्हता. मी सायकलवर पंप अडकवून घरापर्यंत गाणं म्हणत गेले.

तुमच्या संघाशी आमची गाठ विभागीय सामन्यात पडली. माझ्या जागी खेळण्याजोगी कोणी नव्हती, म्हणून तुम्ही आठवीतल्या एका पोरीला उभं करून पाच पुऱ्या केल्या होत्या, तिचा शर्ट गुडघ्यापर्यंत येत होता. डावखुरी एकटी आम्हा तिघींना भिडली. आम्ही त्यांना धुऊन काढलं. मी एक लांबचा बास्केट टाकला आणि तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही टाळ्या वाजवत होतात. पुढे राज्याचा कपही मिळाला. त्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली, आजही त्याच ऑफिसात मी जेवणाचा डबा उघडते, तेव्हा ते चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या कपाच्या सामन्यातला एकही बास्केट आता आठवत नाही, आणि तुमच्या मैदानावरचे अजून सगळे आठवतात. डावखुरीने त्याच वर्षी खेळ सोडला. तिच्यासमोर उभी राहील अशी कोणी उरली नव्हती. मी तिला कधी भेटायला गेले नाही. तुम्हालाही नाही, बाई. मेडल दाखवायला म्हणून दोनदा धुळ्याची गाडी पकडायला निघाले आणि स्टँडवरून परत आले.

आज संध्याकाळी एरंडोलची पोर गाडीला गेल्यावर मी बाकावर बसून तिच्या पत्रावर सही केली आणि शिक्का मारला. उद्या तिला देईन. चारजणींचं काय करायचं ते बघू, सातवीतली एक चिमुरडी आहे, तिलाच मोठा शर्ट चढवीन. तुमचा पंपही देणार आहे, वॉशर नवा घातलाय. मात्र तिला एक सांगणार आहे, की तिकडे सरावाला त्या दुसरीच्या बाजूने खेळू नकोस, रोज तिच्यासमोर उभी राहा. ऐकेल की नाही, देव जाणे.

हे पत्र मी कुठे पाठवणार आणि कोणाला? तरी एक गोष्ट लिहूनच ठेवते, कारण मघाशी शिक्का मारताना माझा अंगठा जांभळा झाला आणि ती आठवली. शाई वाळली असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना, तेव्हा तुमच्या अंगठ्यावर ओला जांभळा डाग होता. बाई, तो मला तेव्हाच दिसला होता. दिसला होता, आणि तरी मी बाटली घेऊन आले.