मागची खोली

श्रीरामपूर, मंगळवार, १२ जून १९७३

आज योहान आला. जामखेडहून त्याची बदली इथल्या शाळेत झाली आहे. सध्या बेलापूरला बहिणीकडे उतरलाय, खोली शोधतोय. "नाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असते बघ," म्हणाला आणि हसला. तेच कॉलेजातलं हसू.

नगरला मालकिणीने जात कळताच त्याला खोली सोडायला लावली, तेव्हा मीही माझी ट्रंक उचलून त्याच्याबरोबर निघालो होतो. स्टेशनजवळच्या खोलीत तीच ट्रंक आमचं टेबल झाली. तिच्यावर अभ्यास, तिच्यावरच भाकरी. किती सुखात होतो!

"तुझ्या मागच्या खोलीला कुलूप दिसतंय रे," चहा पिताना तो म्हणाला.

"पोती भरलीत तिच्यात."

"बरं, असू दे," म्हणाला. या वेळी हसला नाही.

असं का बोललो? शेजाऱ्यांना भ्यालो? की सुमनला? तिला तर विचारलंही नाही. उलट तो गेल्यावर तीच म्हणाली, "अहो, पोती कुठली? तुमची ती ट्रंक तेवढी आहे तिथे."

उद्या किल्ली घेऊन बेलापूरला जायचं. लिहून ठेवतो. नुसतं मनात ठेवलं तर जाणार नाही.