नुसत्या ओठांचं इंग्रजी

दादा,

आज माझ्या वर्गातल्या एकीला नोकरी लागली, आणि ती तुमच्यामुळे लागली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना.

शनिवारी दुपारी मी आपल्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत बायकांचं इंग्रजी घेते. शिकवते कसली, उजळणी घेते. इज-आर, डू-डज, घरातल्या वस्तू, आठवड्याचे वार. शाळेत सगळं झालेलं, पण गंज चढलेला. त्यातलीच ही एक, लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडणारी. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या एकटीवर. परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसायची जागा निघाली होती, पण मुलाखत इंग्रजीत. फळ्यावर हिचं वाक्य कधी चुकणार नाही, पण बोल म्हटलं की मिठाची गुळणी. "बाई, येतं हो सगळं, पण आवाजच फुटत नाही. सगळ्या हसतात." मी खेकसले, "हसतील त्यांचे दात दिसतील! मुलाखतीला काय फळा उचलून नेणारेस?" तर ती रडायलाच लागली. मला माझाच राग आला, आणि मग तुम्ही आठवलात.

तुम्ही गिरणीतली पहिली पाळी करून आला आहात. आई स्टोव्हपुढे भाकऱ्या थापतेय. तुम्ही तिच्या पुढ्यातली पळी उचलता आणि आदल्या रात्री रात्रशाळेत शिकलेला पळीचा इंग्रजी शब्द नुसत्या ओठांनी म्हणता. ओठ बघून मी तो मोठ्याने म्हणायचा. चुकला की तुमची मान हलते, पुन्हा ओठ. गिरणीत मागांचे साचे सुरू झाले की त्या खडखडाटात कानाशी ओरडूनही ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही सगळे ओठांवरच बोलायचात. चहाला चल, जॉबर आला, कामाला लाग, अमक्याला मुलगी झाली, सगळं. मी एकदा हट्टच धरला, मोठ्याने सांगा ना. तर म्हणालात, "साच्यावर आवाज कोणाक ऐकाक येता गो? तोंड बघ." आई कपाळावर हात मारायची, "बापलेकीक येड लागला!" आणि पळी हिसकावून घ्यायची.

तर मी वर्गात तुमची ही रीत सांगितली आणि जाहीर केलं, आज आवाज बंद, नुसते ओठ. बायका आधी खिदळल्या, मग पाच मिनिटांत अशा गप्प, की पंख्याची घरघर ऐकू यावी. समोरचीच्या ओठांकडे बघण्यात हसायचं राहूनच गेलं. आणि हिने अख्खी मुलाखत ओठांवर दिली! नाव, कुठे राहते, काय काय येतं. एक शब्द अडखळली नाही.

आज पेढे घेऊन आली. म्हणाली, "बाई, घोटाळाच झाला. साहेबांनी नाव विचारलं आणि मी घाबरून नुसते ओठ हलवले. ते वाकून म्हणतात, पार्डन? मी परत तेच! बिचाऱ्यांना वाटलं आपलेच कान गेले, कानात बोट घालून हलवायला लागले. मला असं हसू फुटलं, आणि हसता हसता आवाज असा सुटला, की बाहेरचे पेशंट वळून बघायला लागले. मग काय, बोलतच सुटले." सोमवारपासून ये म्हणालेत तिला.

पेढा हातात देत तिने विचारलं, "तुमचे वडील एकदम फर्डं इंग्रजी बोलत असतील ना?" मी म्हटलं, "फर्डं म्हणजे काय, साहेबासारखं."

थाप मारली, दादा. इंग्रजीचा एक शब्दसुद्धा तुमच्या आवाजात मी ऐकलेला नाही. गॅलरीतले शेजारी हसतील, याची तुम्हाला धास्ती होती. हे मला त्या दिवशी तिला रडताना बघून कळलं. हे पत्र कुठे टाकणार, घडी करून ठेवते. पण मला ऐकायचं होतं हो एकदा. चुकीचं असतं तरी.