कॅमेरा आत, उषा बाहेर

१४ मे, मंगळवार. लातूर
बॅगा भरल्या. उषाने शेंगदाण्याची चटणी डब्यांत ठासली, मी लेन्सा मोज्यांत गुंडाळल्या. निकाल चांगला लागला तर क्लासच्या सगळ्या मास्तरांना जोडीने युरोप, असं क्लासचे मालक बडे सर यांनी कबूल केलं होतं. शब्द पाळला. आज केबिनमध्ये बोलावून म्हणाले, फिजिक्सवाले, तुमचा कॅमेरा आता क्लासच्या सेवेत. प्रत्येक शहरात बॅनरसहित ग्रुप फोटो पाहिजे, जूनच्या अ‍ॅडमिशनच्या जाहिरातीला. बॅनरवर गेल्या साली मेडिकलला लागलेल्या पोरांचे चेहरे. म्हणजे तीही आमच्यासंगे निघाली.

मला वेगळेच फोटो पाहिजेत. जुन्या चर्चांच्या आतला उजेड. रंगीत काचेतून जमिनीवर पडतो तो. इतकी वर्षं फळ्यावर प्रकाशाचे किरण काढले, एकदा खरा बघायचाय. उषाला सांगितलं. ती म्हणाली, "दगडाचीच असतात ना ती?" हो म्हटलं. तिने डब्याचं झाकण दाबून लावलं.

१६ मे, गुरुवार. पॅरिस
टॉवरखाली बॅनर उलगडला. रखवालदार धावत आला. बिराजदार (आमचे बायॉलॉजीचे) पोरांच्या चेहऱ्यांवर बोट ठेवून त्याला टॉपर, टॉपर असं समजावत होते. त्याला काय कळलं कोण जाणे, पण हसला आणि एक फोटो घेऊ दिला. बडे सरांचं एकच, वरचं टोक बी आलं पाहिजे सर. टोक घ्यावं तर माणसं मुंगीएवढी. शेवटी फरशीवर उताणा झोपून काढला. तोवर नदीवरचं ऊन उतरलं. त्याच्यासाठी सकाळपासून टपून होतो.

उषा टॉवरवर खुशाल चढली. लोखंडाचं तिला काही नाही.

१७ मे, शुक्र.
सकाळी हॉटेलवाल्यांची तक्रार. खोलीचं दार आपोआप बंद होतं, म्हणून उषाने फटीत चप्पल घालून ठेवली होती. लातूरलाही आम्ही झोपताना कडी लावत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात माळवदाचं जड छत कोसळून तिची आई आणि धाकटा भाऊ त्याखाली गेले. दगडामातीचं घर. ती चौदा वर्षांची, दाराशी झोपलेली, म्हणून वाचली. मी नांदेडचा. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली, एवढाच माझा भूकंप.

टूर मॅनेजर सायली, पुण्याची, आदबीने म्हणाली की काका, इथं चोऱ्या होतात. नाष्ट्याला बिराजदार वहिनींनी ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. सगळे हसले. उषाही हसली. मी पावाला लोणी लावत बसलो. बोलायला पाहिजे होतं.

दुपारी एक चर्च. सगळे आत, उषा बाहेर बाकावर, मी तिच्याजवळ. जा म्हणाली. नको म्हणालो. पण मान सारखी दाराकडे वळत होती, ते तिला दिसलंच.

१८ मे, शनि. ब्रुसेल्स
चौक, बॅनर, चॉकलेट, बस. माझा एकही फोटो नाही. बडे सरांचे भरपूर.

२० मे, सोम. कलोन
आजचं आजच लिहून टाकतो.

एवढं मोठं चर्च पहिल्यांदाच पाहिलं. काळा दगड, वर बघता बघता टोपी पडते. उषाने खालूनच एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून पायरीवर बसली. आज तिनेच ढकललं मला. "जावा की. माझ्यापायी किती दिवस बसणार?" मी दहा मिनिटांत येतो म्हणून गेलो.

आत दक्षिणेकडच्या खिडकीचा उजेड फरशीवर उतरला होता. लाल, निळा, मधेच पिवळा. एक म्हातारी त्यातून चालत गेली, तिची पांढरी पिशवी रंगत गेली. मग ढग आला. ढग जाईल म्हणून थांबलो. गेला. पुन्हा आला. घड्याळ बघायचं राहिलं. राहिलं कसलं, बघितलं नाही.

बाहेर आलो तर पायरी रिकामी. चौकभर धावलो, स्टेशनच्या दारापर्यंत जाऊन आलो. बिराजदार वहिनी आइस्क्रीम घेऊन येत होत्या, म्हणाल्या, उषावहिनी तर मघाच आत गेल्या, तुम्हाला बघायला.

खांबाला टेकून उभी होती. ओढणी डोक्यावर घट्ट धरलेली, नजर वर छताला. मी हाक मारली तरी नजर खाली येईना. हात धरला तर गार. म्हणाली, "तुम्ही बाहेर येईनात. लई वेळ झाला. मला वाटलं..."

एक एक पाऊल टाकत बाहेर आणलं. दारात बडे सर भेटले. त्यांनी टाळ्याच वाजवल्या, वहिनींची भीती गेली म्हणून. मग सगळ्यांनीच वाजवल्या. माणसं वाईट नाहीत. बॅनरचं एक टोक कौतुकाने तिच्या हातात दिलं, पुढच्या रांगेत, मधोमध. मला सांगता आलं असतं की तिला बसू द्या, पाणी द्या. सांगितलं नाही. सगळे हसा म्हणालो आणि बटण दाबलं. ती हसली.

२१ मे, मंगळ. बसमध्ये
उषा खिडकीशी. हळू आवाजात म्हणाली: "भीती गेली न्हाई. तुम्ही आत होता म्हणून आले. परत नाही जमायचं." मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं काय त्यात, तुम्हाला आवडतंय ते.

मागे अंताक्षरी चालू. बडे सर ओरडून सांगतायत, वहिनी, आता रोमचं मोठं चर्च तुम्हीच आम्हाला दाखवायचं बरं का. ती मान डोलावते.

कालचे फोटो पाहिले. माझ्या हातून आजवर निघालेले सगळ्यात चांगले. याचीच चीड येते. पुसून टाकायला बोट ठेवलं होतं. पुसले नाहीत.

२२ मे, बुध. लुसर्न
इथं लाकडी पूल, वर लाकडाचंच छत. उषा त्यावरून तीनदा गेली, या टोकाहून त्या टोकाला, मला सोडून. डोंगरावरची लाकडी घरं बघत उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडं अशी घरं असती तर आई..." मी जवळ गेलो तेवढ्यात हाक आली, सर, बर्फ दिसून राहिलंय मागं, चला लवकर, बॅनर धरला. गेलो. ग्रुपमध्ये आलोय, ग्रुपचं ऐकावं लागतं. परत येईतो ती बसमध्ये बसली होती.

२५ मे, शनि. फ्लॉरेन्स
सकाळी कॅमेरा बसमध्येच ठेवला. ठरवून. मोठं चर्च बाहेरूनच पाहिलं, दोघं जोडीने. मला वाटलं, जमलं. बडे सरांनी फोटोचं विचारलं तेव्हा बॅटरी गेली म्हणून थाप मारली. बिराजदारांनी मोबाइलवर काढला.

दुपारी बाजारहाटाला वेळ दिला होता. बायका चामड्याच्या पर्सा बघत होत्या. आम्ही एका गल्लीत, तिथं लहानसं चर्च, दार उघडं. मी नुसतं पाहिलं. बोललो नाही काही. तरी उषा भडकली. इतक्या वर्षांत अशी भडकलेली पाहिली नाही. "कॅमेरा ठेवून आलाव म्हंजे माझ्यावर उपकार केले का? उद्या घरी गेल्यावर म्हणाल, हिच्यापायी राहिलं. मला नको ते." मी म्हटलं, असं कधी म्हणणार नाही. ती म्हणाली, तोंडानं नाही म्हणणार.

ती एकटीच बसकडे गेली. ड्रायव्हरला काय खुणा केल्या ठाऊक नाही, पण कॅमेरा घेऊन आली. माझ्या गळ्यात अडकवला. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "जा. पण मला दिसाल असं उभं रहा."

मग दारातच उभा राहिलो. उंबऱ्यावर. आत पार टोकाला एक खिडकी, तिचा उजेड खांबामागे पडलेला, दारातून त्याची नुसती कड दिसत होती. आणखी चार पावलं आत गेलो असतो तर सगळा मिळाला असता. येणारे-जाणारे धक्के मारत होते. एकदा मागे पाहिलं. ती पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती, दोन्ही हात ओट्याच्या कडेला आवळलेले.

तिने तिथूनच विचारलं, आला का फोटो.

आला म्हणालो.

सायलीचा फोन, सगळे बसपाशी जमलेत, लवकर या. आता बसमध्ये लिहितोय. उद्या रोम. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये जायचं बुकिंग सगळ्यांचं केलंय, उषाचंही. ती आत येणार नाही, हे बडे सरांना सांगायला हवं. ते पुढच्याच सीटवर आहेत. उषाला डोळा लागलाय, डोकं माझ्या खांद्यावर, आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या मुठीत आहे.