बॅच बदलाच्या पाच वह्या

बाबा, या वर्षी तुमच्या श्राद्धाला मी सगळ्यांना सांगितलं की दुष्काळाच्या वर्षी आपल्या क्लासमधली देवगाव रंगारीची ती मुलगी तुमच्या विसरण्यामुळे सराव परीक्षेला मुकली. ते खरं नाही. तिची बॅच बदलल्याची चिठ्ठी तुम्ही माझ्याच हातात दिली होती. मी ती दोन वह्यांत उतरवली. जी वही पाहून पालकांना फोन जायचे, त्या तिसरीत राहून गेली.

त्या उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यानं पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी मुलं घरी भांडी भरायला थांबायची, म्हणून क्लासच्या बॅचेस सारख्या हलायच्या. ती मुलगी एसटीनं पोचली तेव्हा पेपर संपला होता. अजून डोळ्यांसमोर आहे: ती पायरीवर बसून डबा खातेय, आणि तुम्ही मला रागवत नाही. शाळेआधी घरी अक्षरं गिरवून घेताना माझं चुकलं की तुम्ही नवं पान द्यायचात. क्लासमध्ये चुकलं की नवी वही आणायचात. त्या दिवशी चौथी आली. तुम्ही गेलात तेव्हा पाच होत्या.

आता क्लास दोन मजल्यांवर आहे, मुलं पार शहराच्या नव्या टोकांवरून येतात. पाडव्यानंतर मी एका बॅच बदलामागं घड्याळ घेऊन फिरले. एकच नाव पाच ठिकाणी लिहिता लिहिता चाळीस मिनिटं गेली आणि पालकांना फोन करायचा राहिलाच. मग मोबाईलवर एकच तक्ता केला. त्यात वेळ बदलली की पालकांना आपोआप निरोप जातो. एका बॅचवर महिनाभर चालवला. एकही मूल चुकीच्या वेळी आलं नाही.

तुम्ही नेमलेल्या ऑफिसातल्या काकू म्हणाल्या, "नेट गेलं की पोरं काय भिंतीला विचारतील का गं?" मी म्हटलं, भिंतीलाच, रोज सकाळी तक्ता छापून लावणार आहे. त्या हसल्या. मग पेनाला टोपण लावत हळूच म्हणाल्या, "मग मी इथं काय करू?"

"जे आपल्याला कधी जमलं नाही ते. मूल आलं नाही की लगेच घरी फोन."

काकूंनी पाचही वह्या एकावर एक रचल्या. "फोनवर मी लई बोलते. चालंल का?"

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून कबूल करते. काकूंना वह्या सोडायला सांगत असताना मी स्वतः महिनाभर त्या बॅचची हजेरी घरी नेऊन पुन्हा वहीत उतरवत होते. येत्या सोमवारी, सकाळी सातच्या बॅचपासून, तेही बंद.